दिवस राहिले म्हणून कंडोमचे काम संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गरोदरपणातील काळजीविषयी आलेला सविस्तर लेख मी दोनदा वाचला. आहार, झोप, लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, सोनोग्राफीच्या वेळा, कोणती लक्षणे दिसताच तातडीने डॉक्टरांकडे जावे, हे सारे त्यात नेमकेपणाने मांडले आहे आणि सोबतचा महिनावार तक्ता तर जपून ठेवावा असा आहे. शारीरिक संबंधांविषयी मात्र त्यात एकच वाक्य आहे: गुंतागुंत नसेल तर संबंध ठेवण्यास हरकत नाही. ते वाक्य चुकीचे नाही. वार (प्लॅसेंटा) खाली सरकलेली असणे, रक्तस्राव होणे, पाणमोट फुटणे किंवा मुदतीपूर्वी कळा सुरू होण्याची शक्यता असणे, अशी कारणे नसतील तर संबंधांमुळे बाळाला इजा होत नाही. परंतु त्या वाक्यापाशी थांबल्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून गेली. संबंधांतून पसरणारे आजार गरोदरपणातही होतात, ते बाळापर्यंत पोहोचू शकतात आणि त्यांपैकी बहुतेक टाळता किंवा उपचाराने आटोक्यात आणता येतात, ही ती गोष्ट.

गरोदर स्त्रियांच्या तपासणी केंद्रात मी बरीच वर्षे समुपदेशक म्हणून काम करते. पहिल्या भेटीत, रक्त घेण्यापूर्वी, मी प्रत्येकीशी एकांतात बोलते आणि इतर प्रश्नांच्या ओघात विचारते, “सध्या तुम्ही दोघे कंडोम वापरता का?” कुणी खाली पाहते, कुणी हातातली फाइल उगाच उघडते आणि मिटते, पण उत्तर बहुधा एकच येते: “आता कशाला ताई? आता तर दिवस गेलेत.” या उत्तरात अडाणीपणा नाही. पदवीधर स्त्रिया हेच सांगतात, आणि एका परिचारिकेनेही स्वतःच्या गरोदरपणात मला हेच सांगितले होते. आपण त्यांना जे शिकवले, त्यातून निघणारा हा अगदी सरळ निष्कर्ष आहे.

आपण त्यांना काय शिकवले, हे आपल्या भाषेतच दिसते. कंडोमला आपण गर्भनिरोधक म्हणतो, कुटुंबनियोजनाच्या साधनांत त्याची गणना करतो आणि पाळणा लांबवण्याच्या सल्ल्यात त्याचे नाव घेतो. ज्या साधनाच्या नावातच गर्भ रोखणे आहे, ते गर्भ राहिल्यावर बाजूला पडणार, यात नवल कसले? आजार रोखणे हे त्याचे दुसरे काम आपण फक्त ‘तसल्या’ संबंधांपुरते, म्हणजे लग्नाबाहेरच्या व्यवहारापुरते, राखून ठेवले. त्यामुळे नवरा-बायकोच्या संबंधांत कंडोमला एकच कारण उरले आणि गरोदरपणात तेही संपले.

धोक्याच्या जाणिवेचे हे कोडे आरोग्यशास्त्राला नवे नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांना एक प्रश्न पडला होता. क्षयरोगाच्या निदानासाठी छातीचा एक्स-रे काढण्याची सोय लोकांच्या जवळ नेली, तरी लोक का येत नाहीत? गॉडफ्रे हॉचबॉम यांच्या पाहणीत असे आढळले की, हा रोग आपल्याला होऊ शकतो आणि लवकर कळला तर फायदा आहे, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांनी एक्स-रे काढून घेतला होता, आणि ज्यांना यातले काहीच पटलेले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण अवघे २१ टक्के होते. सोय जवळ असणे पुरेसे नसते. ‘हे मला होऊ शकते’ असे स्वतःला वाटावे लागते. गरोदर स्त्रीला नेमके तेच वाटत नाही, आणि ते का वाटत नाही हे समजून घेतल्याशिवाय तिच्या हातात पत्रक देऊन काही साधत नाही.

मला दिसलेले पहिले कारण विश्वासाचे आहे. “माझा नवरा तसा नाही,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला स्त्रीच्या तोंडी येण्यापूर्वीच तिच्या चेहऱ्यावर दिसते. त्या विश्वासाला धक्का लावण्याचा मला अधिकार नाही आणि तशी गरजही नाही, कारण संसर्ग चारित्र्य पाहून येत नाही. एचआयव्हीची लागण झालेली व्यक्ती कित्येक वर्षे ठणठणीत दिसू शकते. क्लॅमिडिया या संबंधांतून पसरणाऱ्या आजाराची लक्षणे बहुतांश स्त्रियांत दिसतच नाहीत, आणि पुरुषांतही अनेकदा दिसत नाहीत. सिफिलिसची, म्हणजे जुन्या बोलीत ज्याला गरमी म्हणत त्या आजाराची, पहिली जखम दुखत नाही आणि उपचार न करताही भरून येते. त्यामुळे माणूस बरे झाल्याच्या समजुतीत राहतो आणि जंतू शरीरातच असतो. लग्नापूर्वी झालेली लागण आज पूर्णपणे एकनिष्ठ असलेल्या नवऱ्याकडून बायकोला होऊ शकते, किंवा बायकोकडून नवऱ्यालाही.

पण विश्वासाच्या या वाक्यामागे आणखी काही असते आणि ते थोड्या वेळाने बाहेर येते. एका गरोदर बाईने मला आधी ठामपणे सांगितले की तिला कसलाच धोका नाही. बोलणे पुढे गेले. थकव्यामुळे तिला संबंध नको वाटत होते, म्हणून मी म्हटले की तसे त्यांना स्पष्ट सांगायला काय हरकत आहे? ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, “नाही म्हटलं तर ते बाहेर जातील.” दहा मिनिटांच्या अंतराने आलेली ही दोन्ही उत्तरे खरी होती. तिला धोका माहीत होता. फक्त तो मान्य केला तर पुढे काय करायचे, हे तिला माहीत नव्हते. कंडोमचा विषय काढावा तर त्याचा अर्थ ‘मला तुमचा संशय आहे’ असा होणार, किंवा उलट ‘तुझंच काहीतरी असेल’ असे ऐकावे लागणार. पोटात मूल, हातात स्वतःची मिळकत नाही, अशा वेळी घरातली शांतता हीच तिला सर्वांत मोठी सुरक्षितता वाटते. गरोदर स्त्रिया धोका कमी लेखतात, असे आपण सहज लिहून जातो. माझ्या अनुभवात पुष्कळशा स्त्रिया तो कमी लेखत नाहीत, त्या तो बोलून दाखवत नाहीत. या दोहोंतला फरक ओळखला नाही तर समुपदेशन माहिती देण्यावरच थांबते.

दुसरे कारण अहवालाचे आहे. पहिल्या तिमाहीत एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ बी (हिपॅटायटिस बी) यांच्या चाचण्या होतात, ‘दोष नाही’ असा अहवाल येतो आणि स्त्री निर्धास्त होते. हा अहवाल त्या दिवसापुरता, किंबहुना त्याच्याही थोड्या आधीच्या दिवसांपुरता बोलतो. एचआयव्हीची लागण झाल्यावर ती चाचणीत दिसेपर्यंत, चाचणीच्या प्रकारानुसार, काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचा काळ जातो. शिवाय चाचणीनंतरच्या सहा महिन्यांत काय घडले याची त्या कागदाला खबर नसते. आठव्या महिन्यातल्या एका बाईच्या चाचणीत सिफिलिसची लागण दिसली, तेव्हा ती फाइलमधला तिसऱ्या महिन्याचा अहवाल बोटाने दाखवत राहिली. “हा बघा ना, यात तर काही नव्हतं.” तो अहवाल खरा होता. लागण नंतरची होती आणि मधल्या पाच महिन्यांत, तपासण्या नियमित होऊनही, तिला कोणी कंडोमविषयी एक शब्द सांगितलेला नव्हता. त्या न सांगणाऱ्यांत मीही आहे. पहिल्या भेटीनंतर हा प्रश्न पुन्हा विचारायचा नसतो, असा आमचा शिरस्ता होता. त्या दिवसानंतर मी तो मोडला.

तिसरी समजूत अशी की बाळ पिशवीत सुरक्षित असते. गर्भाशयाचे तोंड घट्ट मिटलेले असते, त्यावर चिकट स्रावाचा बूच असतो, हे खरे आहे. त्यामुळेच “कंडोम आत राहून गेला तर बाळापर्यंत जाईल का?” असे कुणी घाबरून विचारते तेव्हा मी निःशंकपणे नाही म्हणते. सिफिलिसच्या आणि एचआयव्हीच्या जंतूंना मात्र त्या दारातून जावेच लागत नाही. ते आईच्या रक्तातून वारेवाटे बाळापर्यंत पोहोचू शकतात. एचआयव्ही, कावीळ बी, हर्पिस (जननेंद्रियांवर फोड आणणारा आजार), परमा (गोनोरिया), क्लॅमिडिया हे प्रसूतीच्या वेळी बाळाला गाठू शकतात. क्लॅमिडियामुळे नवजात बाळाचे डोळे येतात, न्यूमोनियाही होतो. हर्पिसची पहिली लागण अगदी शेवटच्या आठवड्यांत झाली तर आईच्या शरीरात संरक्षक प्रतिपिंडे तयार होऊन ती बाळाला मिळण्यास वेळच उरत नाही, म्हणून जुन्या हर्पिसपेक्षा ही नवी लागण बाळाला कितीतरी अधिक घातक ठरते. कावीळ बी प्रौढपणी झाली तर बहुतेक जण बरे होतात, पण जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत ती कायमची ठाण मांडते. म्हणूनच जन्मानंतर २४ तासांच्या आत लस देण्याचा आग्रह असतो.

एचआयव्हीच्या बाबतीत गरोदरपण हा धोका थांबण्याचा काळ नसून वाढण्याचा काळ आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जोडीदारांपैकी एकालाच एचआयव्ही असलेल्या आफ्रिकेतील जोडप्यांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कंडोमविना झालेल्या प्रत्येक संबंधामागे स्त्रीला लागण होण्याची शक्यता, एरवीच्या तुलनेत, गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीनंतर जवळजवळ तिप्पट आणि प्रसूतीनंतरच्या महिन्यांत सुमारे चौपट आढळली. शरीरातील हार्मोन आणि प्रतिकारव्यवस्था यांतले बदल त्याला कारणीभूत असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. याच काळात नवी लागण झाली तर पहिल्या आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण अतिशय जास्त असते आणि तेव्हाच बाळाला लागण होण्याचा धोकाही सर्वाधिक असतो. आधीपासून एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि औषधे नियमित घेणाऱ्या आईचे बाळ त्या मानाने कितीतरी सुरक्षित असते. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते आणि प्रभावी उपचारांनी ते ५ टक्क्यांच्या खाली येते. ज्या स्त्रीचा पहिला अहवाल निर्दोष होता आणि जिला नंतर लागण झाली, तिला मात्र ही औषधे मिळतच नाहीत, कारण तिच्या लागणीचा कोणाला पत्ताच नसतो.

सिफिलिसविषयी तर बोलताना मला संयम राखणे कठीण जाते. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो, हे १९४३ पासून ज्ञात आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ या एका वर्षात जगात जन्मजात सिफिलिसची ६ लाख ६१ हजार प्रकरणे झाली. त्यांत गर्भातच दगावलेली आणि मृत जन्मलेली बाळे सुमारे १ लाख ४३ हजार होती. आईला प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी पेनिसिलिन मिळाले तर यातील बहुसंख्य बाळे वाचू शकतात. आणि इथेच कंडोमचा प्रश्न पुन्हा येतो. आईला इंजेक्शन दिले, पण नवऱ्याची ना चाचणी झाली ना उपचार झाले, तर काही आठवड्यांत तिला पुन्हा तीच लागण होऊ शकते. एकदा सिफिलिस होऊन गेल्याने पुढचे संरक्षण मिळत नाही. दोघांचे उपचार पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळणे, आणि ते जमणार नसेल तर प्रत्येक वेळी कंडोम वापरणे, हा उपचाराचाच भाग आहे. औषधाच्या चिठ्ठीवर तो मी आजवर क्वचितच लिहिलेला पाहिला आहे.

गरोदर जोडप्यांना कंडोम वापरा असे उघडपणे सांगणे जगाला जमत नाही, असे मात्र नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने गर्भातील बाळाला इजा करणाऱ्या झिका विषाणूच्या संदर्भात आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, त्यानंतर हा विषाणू संबंधांतूनही पसरतो हे स्पष्ट झाले. तेव्हा साथीच्या भागात राहणाऱ्या किंवा तिथून परतलेल्या पुरुषांनी, पत्नी गरोदर असेल तर, संपूर्ण गरोदरपणात कंडोम वापरावा किंवा संबंध टाळावेत, असा सल्ला जगभर दिला गेला. त्या सल्ल्यात कोणाला संशय दिसला नाही, कोणाचे चारित्र्य निघाले नाही. डासामुळे आलेला आजार होता, म्हणून बोलणे सोपे गेले. तोच सल्ला इतर जंतूंच्या बाबतीत देताना आपली जीभ का अडखळते?

माझ्या कामात मी दोन बदल केले, ते इथे मुद्दाम सांगते. पहिला असा की नवऱ्याशी बोलण्याची जबाबदारी मी गरोदर स्त्रीवर टाकत नाही. “तुम्हीच त्यांना समजावून सांगा,” हे वाक्य उच्चारायला सोपे आहे, परंतु काही घरांत त्याची किंमत तिला मारहाणीने चुकवावी लागते. त्याऐवजी, तिची संमती असेल तर, नवऱ्याला केंद्राकडून निरोप जातो: बाळासाठी वडिलांचीही तपासणी करतो, अमुक दिवशी या. सर्वांना सारखाच निरोप गेला की कोणा एकावर बोट राहत नाही. दुसरा बदल बोलण्याचा. ‘धोका’, ‘लागण’, ‘सुरक्षित संबंध’ या शब्दांनी सुरुवात केली की पुरुष खुर्चीत मागे सरकतो. “बाळ येईपर्यंत आणि ते दूध पीत असेपर्यंत बाहेरचा कुठलाही जंतू आईपर्यंत जाऊ नये म्हणून आम्ही सगळ्याच जोडप्यांना हे सांगतो,” असे म्हटले की तो ऐकतो, कधी कधी प्रश्नही विचारतो. तपासणीला आलेल्या एका नवऱ्याने जाताना दाराशी थांबून हळूच विचारले, “म्हणजे हे मी माझ्याकडूनच वापरायला लागलो तर तिला वाईट नाही ना वाटणार?” इतकी वर्षे मी फक्त बायकांचाच संकोच गृहीत धरला होता.

वडिलांची तपासणी ही काही अव्यवहार्य कल्पना नाही. आईकडून बाळाला होणारी एचआयव्ही आणि सिफिलिसची लागण थोपवल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने ३० जून २०१५ रोजी क्युबाला जगात सर्वप्रथम मान्यता दिली. तिथल्या कार्यक्रमात गरोदर स्त्रीबरोबर तिच्या जोडीदाराचीही चाचणी होत असे.

कंडोमविषयी अवाजवी आशा बाळगावी, असे मला म्हणायचे नाही. एचआयव्ही, परमा आणि क्लॅमिडिया यांच्यापासून तो योग्य वापरात उत्तम संरक्षण देतो. हर्पिस आणि सिफिलिस यांच्या जखमा त्याने न झाकलेल्या त्वचेवर असू शकतात, त्यामुळे तिथे धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. लॅटेक्सच्या कंडोमबरोबर तेल, व्हॅसलिन किंवा तेलकट मलम वापरले तर तो फाटू शकतो. पाण्यावर आधारित वंगण चालते, आणि गरोदरपणात कोरडेपणा जाणवत असल्यास ते सोबत द्यायलाच हवे. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी दुसऱ्या पदार्थाचे कंडोम मिळतात. जोडीदाराला एचआयव्ही असेल आणि उपचारांमुळे त्याच्या रक्तातील विषाणू सातत्याने चाचणीत न दिसण्याइतके कमी झाले असतील तर संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. ती खात्री होईपर्यंत स्त्रीला गरोदरपणातही घेता येतील अशा प्रतिबंधक गोळ्या उपलब्ध आहेत. ज्या जोडप्यातील दोघांच्याही चाचण्या निर्दोष आहेत आणि ज्यांचा संबंध परस्परांपुरताच आहे, त्यांनी कंडोम वापरलाच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. पण ‘दोघांच्याही’ हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. आज आपण तपासतो एकीला आणि निर्धास्त होतात दोघे.

प्रसूतीनंतरच्या काळाविषयी एवढेच सांगते की, तांबी बसवली, इंजेक्शन घेतले किंवा शस्त्रक्रिया झाली म्हणजे आजारापासूनही बचाव झाला, असा समज सरसकट आढळतो. ही साधने फक्त गर्भ रोखतात. बाळ अंगावर पीत असताना आईला एचआयव्हीची नवी लागण झाली तर दुधावाटे ती बाळाला होऊ शकते.

आपल्या पुरवणीतील तो महिनावार तक्ता कात्रण करून कपाटाच्या दारावर चिकटवलेला मी पाहिला आहे, म्हणून माझी विनंती तक्त्यापुरतीच आहे. पुढच्या वेळी तो छापाल तेव्हा तिसऱ्या महिन्याच्या रकान्यात आईच्या रक्तचाचण्यांसमोर ‘वडिलांच्याही’ असे लिहावे. आठव्या महिन्याच्या रकान्यात एचआयव्ही आणि सिफिलिसची फेरचाचणी डॉक्टरांना विचारून घ्यावी, असे नमूद करावे. आणि संबंध ठेवण्यास हरकत नाही, या वाक्यापुढे ‘दोघांची तपासणी झालेली नसेल तर कंडोम वापरून’ एवढे शब्द जोडावेत. जागा एका ओळीचीच लागेल.

आपली विश्वासू,
गरोदर स्त्रियांच्या तपासणी केंद्रातील एक समुपदेशक